दोन कुलदीपांपैकी एक

कुलदीप घार्गे, उरण, हे नाव यादीत दोनदा आलेलं पाहून इंद्रजितनं त्यातलं एक खोडलं, आणि हौसेराव फडतरे भरल्या ताटावरून उठता उठता राहिले.

"कुणी सांगितलं रं तुला खोडायला?"

"आबा, डुप्लिकेट आहे ते. सेम नाव, सेम पत्ता. एकच माणूस आहे ना मामा?"

"माणूस एक हाय. मान दोन हायेत. लिही परत."

इंद्रजितनं परत लिहिलं. त्याच्या बहिणीचं, ज्ञानेश्वरीचं, लग्न बावीस दिवसांवर आलं होतं आणि कोपरखैरण्याच्या त्या घरात तेवढ्यासाठी भांडण काढायला कुणालाच सवड नव्हती. आता एका माणसाला दोन मान कसे, तर फडतरे आणि घार्गे यांच्यात साटंलोटं झालेलं. रंगूबाई हौसेरावांना दिली, आणि त्याच मांडवात हौसेरावांची धाकटी बहीण विजयमाला रंगूबाईंच्या भावाला दिली. हा भाऊ म्हणजे कुलदीप. तो नवरीचा मामा, आणि नवरीच्या बापाचा दाजीसुद्धा. खरं तर हौसेरावही त्याचे दाजीच लागत, त्यामुळे ते दोघं समोरासमोर आले की नुसतं 'दाजी, दाजी' चालायचं आणि तिसऱ्याला काही कळायचं नाही.

मामाला बोलवायला नवरीच्या आईनं जायचं, नारळ आणि हळदीकुंकू घेऊन. दाजीला बोलवायला नवरीच्या बापानं जायचं, टोपी-टॉवेल घेऊन. एका फेरीत दोन्ही उरकणं म्हणजे दोन्हींचा अपमान, असा कोरेगावाकडचा कायदा होता. गावाकडं तो आता जरा सैल झाला आहे असं ऐकतो, पण नवी मुंबईत आलेल्या माणसांनी तो जसाच्या तसा जपून ठेवला आहे.

इंद्रजित महापेला एका कंपनीत पीएचपी नावाच्या संगणकाच्या भाषेत काम करायचा. त्यानं एका संध्याकाळी बसून घरच्यांसाठी एक पान तयार केलं. त्यात दोनशे चौदा नावांची रांग, वर एक चौकट, आणि चौकटीखाली लाल बटण. ज्याच्या हातात पत्रिका पडली त्याचं नाव चौकटीत लिहायचं आणि 'काढा' दाबायचं. रांगेत उरेल तो बोलवायचा राहिलेला. घरातल्या चारही फोनांवर तीच रांग दिसणार, म्हणजे "तू गेलास का, ती गेली का" असं कुणी कुणाला विचारायलाच नको.

हौसेरावांना हे पान फारच आवडलं. वाशीच्या मार्केटात एकतीस वर्षं त्यांनी पाठीवर गोणी वाहिल्या होत्या, आणि 'काढा' दाबल्यावर एक नाव नाहीसं झालं की त्यांना पाठीवरची गोणी उतरल्यासारखं वाटायचं. त्यांच्या टोळीतल्या चाळीस माणसांची नावं, गावं, कुणाची पाळी कधी, हे सगळं एके काळी त्यांच्या डोक्यात असायचं. पण डोक्यातलं एकदा दुसरीकडं उतरवून ठेवलं की डोकं लगेच हात झटकून मोकळं होतं. हौसेराव रोज सकाळी चहाबरोबर यादी उघडत, दिसतील ती नावं पिशवीत घालत आणि बाहेर पडत. दिसत नसेल त्याचा विचार करायचं कारणच उरलं नव्हतं.

पहिल्याच गुरुवारी रंगूबाई मुलीला घेऊन उरणला भावाकडं जाऊन आल्या. दारात चपला काढायच्या आत त्यांनी चौकटीत 'कुलदीप घार्गे, उरण' लिहिलं आणि बटण दाबलं. एक नाव कमी व्हायला हवं होतं, दोन झाली. दोनशे चौदाच्या गर्दीत ते कुणाच्या लक्षात येणार?

लग्नाला अकरा दिवस राहिले तेव्हा फोन आला.

"दाजी, मी कुलदीप."

"बोला दाजी."

"लग्नाला येतोय मी. पण मामा म्हणून येतोय. दाजी म्हणून न्हाय. तेवढं ध्यानात असू द्या."

हौसेरावांना काही उलगडेना. "आवो, पण तुमी आलात म्हंजे दोघंबी आलेच की!"

"असं कसं? मामाला आमंत्रण आलंय, मामा येईल. भाचीच्या पाठीशी हुभा राहील, अक्षता टाकील, जेवंल आन् माघारी येईल. विजयमाला न्हाय यायची. तिच्या माहेरचं कोण आलंच न्हाय इकडं."

हौसेरावांनी फोन ठेवला आणि यादी उघडली. वरून खाली, खालून वर पाहिली. कुलदीप घार्गे कुठंच नव्हते. मग त्यांनी इंद्रजितला हाक मारली, आणि ती हाक शेजारच्या दोन घरांत ऐकू गेली.

इंद्रजितनं स्वतःचं लिखाण तपासलं आणि कपाळाला हात लावला. नाव काढण्यासाठी त्यानं जी सोय वापरली होती, तिचा अर्थच असा होता की या नावाचे जेवढे असतील तेवढे सगळे वजा करा. एक की दोन, हे ती विचारत नाही.

"म्हणजे आबा, मी म्हटलं कुलदीप काढ, तर त्यानं सगळेच कुलदीप काढले."

"आन् एकच काढ म्हणायची सोय न्हाय व्हय त्यात?"

"आहे ना. मला वाटलं सेमच आहे दोन्ही."

"आमच्या मार्केटात, शंभर गोणी सारख्या दिसत्यात म्हणून एक उचल म्हटल्यावर शंभर न्हाय उचलत कोण," हौसेराव म्हणाले.

इंद्रजितला ते लागलं. त्यानं त्याच दिवशी सगळं नव्यानं लिहिलं. आता पान आधी नाव शोधायचं, पहिलं सापडेल त्याचा रांगेतला नंबर घ्यायचं, तेवढ्या एका नंबरावरचं नाव काढायचं आणि मागची रांग पुढं सरकवायचं. दोन कुलदीप घालून त्यानं पाहिलं. एक गेला, एक राहिला. मग मामांच्या बाबतीत परत चूक नको म्हणून त्यानं 'कुलदीप घार्गे, उरण' हे नाव रांगेच्या सगळ्यात वर, अगदी पहिल्या जागेवर बसवलं. एवढा मान त्या यादीत दुसऱ्या कुणाला नव्हता.

"शनिवारी मला हॉलवाल्याला भेटायचंय," हौसेराव म्हणाले. "लवकर सुटलो तर तिकडनंच उरण गाठतो. न्हाय जमलं तर रविवारी तू जा. घरातला थोरला ल्योक गेला तरी चालतंय."

"ओके. जो जाईल त्यानं नाव काढायचं."

इतकं स्वच्छ ठरलं होतं. शनिवारी सकाळी हौसेराव आणि रंगूबाई जोडीनं घणसोलीला यशराज निकमांकडं पत्रिका द्यायला गेले. निकमांचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिना उतरता उतरता रंगूबाईंनी आपल्या फोनवर यशराज निकमांचं नाव काढलं. खाली फाटकापाशी बायकोची वाट बघत उभ्या असलेल्या हौसेरावांनी आपल्या फोनवर यशराज निकमांचं नाव काढलं. जबाबदार माणसं दोघंही. पहिल्यांदा निकम गेले. दुसऱ्यांदा निकम सापडलेच नाहीत, पण पानानं ते कुणाला सांगितलं नाही. रांगेतल्या पहिल्या माणसाला त्यानं गुपचूप बाहेर काढलं आणि बाकीच्यांना एक एक पाऊल पुढं सरकवलं.

हॉलवाल्यानं हौसेरावांना चार वाजेपर्यंत बसवून ठेवलं. उरण राहिलंच. ते घरी येऊन गुडघ्याला तेल लावून झोपले. रविवारी सकाळी इंद्रजितनं यादी पाहिली, मामांचं नाव नव्हतं. आबा काल जाऊन आले, बरं झालं, असं म्हणून तो बहिणीच्या चुड्याच्या कामाला गेला. संध्याकाळी हौसेरावांनी यादी पाहिली, दाजींचं नाव नव्हतं. पोरगं जाऊन आलं, शहाणं आहे, असं म्हणून त्यांनी समाधानानं दुसरा चहा मागितला. रात्री बापलेक शेजारी शेजारी बसून जेवले. कुणी कुणाला काही विचारलं नाही. विचारायला लागू नये म्हणूनच तर ते पान केलं होतं.

सोमवारी विजयमालेचा फोन आला. ती भांडली असती तर हौसेरावांना बरं वाटलं असतं.

"दादा, काल दिवसभर पुरणाचं घेऊन बसले व्हते," ती म्हणाली. "रंगूअक्का म्हणल्या, शनिवारी न्हायतर रविवारी येतील. ऱ्हाऊ दे. लगीन चांगलं कर पोरीचं."

एवढंच बोलून तिनं फोन ठेवला. हौसेराव कॉटवर टेकले. आई गेली तेव्हा विजयमाला सहा वर्षांची होती. तिची वेणी घालायला हौसेराव शिकले होते, आणि पुढं मुंबईला येऊन पहिल्या पगारातून तिला पहिली चप्पल त्यांनीच नेली होती. एकुलती एक बहीण लेकीच्या लग्नाला येणार नाही, आणि तेही पहिल्यांदा चुकून नि दुसऱ्यांदा मुद्दाम बोलावलं नाही असं समजून. त्यांना रडू आलं. ते लपवण्यासाठी त्यांनी इंद्रजितला परत एक हाक मारली, पण या वेळी ती शेजारी ऐकू गेली नाही.

मंगळवारी इंद्रजितनं ऑफिसात स्मिताला गाठलं. स्मिता त्याची सीनियर. तिनं त्याची तीन ओळींची कारागिरी वाचली आणि खुर्ची मागं सारून हसायला लागली.

"नाव सापडलं नाही तर काय, हे कुठे लिहिलंयस?"

"सापडणारच ना. यादीत असलेलंच नाव काढणार कोणीपण."

"आणि दोघांनी एकच नाव काढलं तर? शोधायला पाठवलेला माणूस परत येऊन 'नाही' म्हणाला. तू त्याचा तो 'नाही'च नंबर म्हणून पुढे पाठवलास. पीएचपीला 'नाही' म्हणजे झिरो. आणि आपली रांग सुरू कुठून होते?"

"झिरोपासून," इंद्रजित म्हणाला.

"झिरोवर कोण बसलं होतं?"

"मामा."

"कोणी बसवलं?"

स्मितानं हसणं आवरलं. "जा बाबा, स्वतः जाऊन ये. हे फोनवर सांगण्यासारखं नाहीये. आणि आधी त्याला 'सापडलं नाही' म्हणायला शिकव."

बुधवारी, लग्नाला पाच दिवस असताना, बापलेक उरणच्या बसमध्ये बसले. हौसेरावांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत टोपी, टॉवेल, नारळ आणि पत्रिका. इंद्रजितच्या मांडीवर लॅपटॉप. न्हावा शेव्याच्या फाट्यावर कंटेनरच्या गाड्यांची रांग लागली आणि बस तीस मिनिटं जागची हलली नाही. तेवढ्यात इंद्रजितनं जे आधीच लिहायला हवं होतं ते लिहिलं: नाव सापडलं नाही तर तसं स्पष्ट सांगायचं, आणि कुणाला हात लावायचा नाही.

कुलदीपमामा बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर होते. ते नुकतेच पाळी संपवून आले होते आणि बनियनवर सोफ्यात बसले होते. "या दाजी," ते म्हणाले.

"आलो दाजी," हौसेराव म्हणाले आणि काठावर टेकले. आतून पाण्याचा तांब्या आला. तो आणून ठेवणारा विजयमालेचा हात तेवढा दिसला आणि परत आत गेला. चहाचं नाव निघेना.

"मामा, चूक माझी आहे, आबांची नाही," इंद्रजितनं सुरुवात केली. "पहिल्यांदा काय झालं, तुमची दोन नावं होती. मला एकच काढायचं होतं, पण दोन्ही गेली."

"बरं."

"मग मी तुम्हाला सगळ्यात वर ठेवलं. झिरोवर."

"शून्यावर?" मामांच्या भुवया वर गेल्या.

"आमच्यात पहिला नंबर झिरोच असतो, मामा. आणि दुसऱ्या कोणाचं तरी नाव सापडलं नाही, म्हणून तुम्ही गेलात."

मामांनी बनियन खाली ओढलं आणि थोडा विचार केला. ते वीस वर्षं यार्डात होते. "हे बघ," ते म्हणाले, "आमच्याकडं एका पार्टीचे धा डबे असत्यात. एक सोडा म्हणून कागुद आला की आमी एकच सोडतो. आन् कागदावरचा डबा यार्डात घावलाच न्हाय, तर म्हणून काय गेटाजवळचा पहिला डबा ट्रकवर चढवतो व्हय? फोन करतो. साहेब, डबा घावत न्हाय. आन् गप बसतो."

"तेच लिहिलंय आता बसमध्ये," इंद्रजित म्हणाला.

"येवढं कॉलेज शिकून बसमध्ये लिवलंस."

पण मामांचा आवाज उतरला होता. डब्यांचं बोलणं झाल्यावर त्यांना सगळं पटलं होतं, आणि दोनदा विसरलो गेलो याच्या जागी यंत्रानं दोनदा घोळ केला असं म्हणायला आता त्यांना वाट मिळाली होती. हौसेरावांनी पिशवीतला टॉवेल टीपॉयवर ठेवला आणि टोपी हातात घेतली. तेवढ्यात विजयमाला पदराला हात पुसत बाहेर आली.

"बघू ती यादी," ती म्हणाली.

इंद्रजितनं फोन पुढं केला. विजयमालेनं चष्मा लावला. वरची चौकट तिला बरोबर कळली. एक एक अक्षर शोधत तिनं सावकाश लिहिलं, विजयमाला घार्गे, उरण. मग तिथं दुसरं बटणच नव्हतं म्हणून तिनं लाल बटण दाबलं.

पानानं पहिल्यांदाच खरं उत्तर दिलं. 'विजयमाला घार्गे, उरण: हे नाव यादीत नाही. काहीही काढलेलं नाही.'

तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. इंद्रजितनं फोन घेतला आणि रांग वरून खाली सरकवली. दोनशे चौदा नावं त्यानं स्वतः लिहिली होती, आबांनी आणि आईनं सांगितली तशी. जुनी पूर्ण यादीही त्यानं उघडून पाहिली. बायकांची नावं तीन होती, आणि तिघीही त्याच्या ऑफिसातल्या होत्या.

"पाकिटावर सपरिवार लिहिलेलं असतं ना, आत्या," तो हळूच म्हणाला.

"व्हय. सपरिवार." ती भावाकडं वळली. "दादा, माज्या नवऱ्याला तुमी दोनदा लिवला, दोनदा काढला, परत वर बसवला, परत काढला. चार दिस घरात ह्येंचाच मान चाललाय. तुज्या पोरीच्या कानात नाव मी सांगितलं. ज्ञानेश्वरी हे नाव माजं हाय. आन् माजं नाव तुज्या यादीतनं कुणी काढलंबी न्हाय रं. ते व्हतंच कुटं?"

हौसेरावांच्या हातात टोपी तशीच राहिली. यंत्राची चूक म्हणावी तर यंत्र आज बरोबर बोललं होतं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की दाजीला टोपी घातली की बहिणीला बोलावणं पोचतं. कायदा तसाच होता, आणि तो कुणी लिहिलेला नव्हता म्हणून कुणी तपासलाही नव्हता.

त्यांनी टोपी टीपॉयवर ठेवली. पिशवीतली पत्रिका काढली, पाकिटावरचं 'श्री. कुलदीप घार्गे' एका रेघेनं खोडलं आणि वर आपल्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं, विजा. मग गुडघ्यावर हात ठेवून उठले, नारळ आणि पत्रिका दोन्ही हातांत धरून बहिणीसमोर उभे राहिले.

"विजा, तुज्या भाचीचं लगीन हाय," ते म्हणाले. "तुला बोलवायला आलोय. तुलाच."

विजयमालेनं ओंजळीत नारळ घेतला, पत्रिका त्यावर घेतली आणि ती कपाळाला लावली. तिचे डोळे भरून आले होते, पण तिनं ते पुसले नाहीत, कारण हात मोकळे नव्हते. "उद्याच येते," ती म्हणाली. "अक्का एकट्या काय काय करतील? बस, चहा टाकते."

कुलदीपमामा इतका वेळ पाय खाली सोडून, पाठ ताठ करून, घ्यायला तयार बसले होते. त्यांनी एकदा टीपॉयवरच्या टोपीकडं पाहिलं, एकदा रिकाम्या पिशवीकडं.

"दाजी, आन् माजी पत्रिका?"

हौसेरावांनी पिशवी उलटी करून दाखवली. एकच आणली होती.

"तुमाला एकदा दिलीया की अक्कांनी," विजयमाला स्वयंपाकघरातून म्हणाली. "एका माणसाला किती येळा बोलवायचं?"

मामा यार्डातले मुरलेले सुपरवायझर होते, पण असा कागद त्यांच्या गेटावर कधी आला नव्हता. शेवटी त्यांनी टोपी स्वतःच उचलली, स्वतःच डोक्यावर ठेवली आणि इंद्रजितला म्हणाले, "मी हिच्याबरूबर येतो म्हणून लिव."